निरोपसभेची तारीख सगळ्यात शेवटी

मिशनसेवेसाठी एखादं कुटुंब परदेशी निघालं की आपल्या मंडळीत पहिल्यांदा काय ठरतं? निरोपसभा. पाळकसाहेब जाहीर करतात, महिला मंडळ जेवणाचा बेत आखतं, तरुण संघ गाण्यांच्या तालमीला बसतो. आणि मग परमिट येतच नाही. दोन महिने, चार महिने, आठ महिने. दर रविवारी उपासना सुटली की दारातच प्रश्न, "अजून इथंच?" देवाच्या पाचारणात, म्हणजे सेवेच्या बोलावण्यात, काही खोट नसते. तयारी मात्र उलट्या टोकानं सुरू झालेली असते.

हे टिपण सोलापुरातून निघणाऱ्यांसाठी आहे. नुसतं "परदेश" म्हणून सगळंच मोघम होतं, म्हणून उदाहरणाला एकच देश घेतलाय, केनिया. तसा हा धागा जुना आहे. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीनं नाशिकजवळ शरणपूरला ठेवली, शिकवली. त्यांतले बरेच जण पुढे केनियात मोंबासाजवळ फ्रेअरटाउन आणि रबाईला सेवेत गेले. आफ्रिकेत वारलेल्या मिशनरी-प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टनचं शव घेऊन इंग्लंडपर्यंत गेलेला जेकब वेनराइट त्याच नाशिकच्या शाळेतला. १८१३ मध्ये मुंबईत आलेले अमेरिकन मिशनरी आपल्या शब्बाथशाळेतल्या पोरांना पाठ असतात, नाशिकहून मोंबासाला गेलेले हे लोक मात्र कुणाला ठाऊक नसतात. असो.

हातात दीड वर्ष ठेवा आणि सुरुवात नावांपासून करा.

आपल्या कुटुंबांत नावांचा घोळ ठरलेलाच. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत "शलमोन", शाळेच्या दाखल्यावर "सॉलोमन", आणि आधारच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये "सालमन", म्हणजे चक्क मासा. योहान आणि जॉन, पेत्र आणि पीटर, दाविद आणि डेव्हिड ही माणसं आपल्याला एकच वाटतात, परदेशी अधिकाऱ्याला वाटत नाहीत. बायकांच्या कागदांवर माहेरचं नाव, सासरचं नाव आणि नवऱ्याचं नाव तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहिलेलं असतं. एका संध्याकाळी जेवणं आटोपल्यावर घरातल्या प्रत्येकाचे जन्मदाखला, शाळेचा दाखला, दहावीची गुणपत्रिका, आधार, पॅन आणि असल्यास पासपोर्ट असे सगळे कागद सतरंजीवर ओळीनं मांडा. एका वहीत नाव अक्षरन् अक्षर उतरवा, आईचं नाव आणि जन्मतारीखसुद्धा. जिथं फरक दिसेल तिथं लाल खूण. ही वही पुढं वर्षभर लागते.

दुरुस्ती शक्यतो जन्मदाखल्याकडे जुळवून करा, कारण मुलांच्या बाबतीत शेवटचा शब्द त्याचाच. १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळाला तर पासपोर्टसाठी जन्मतारखेचा दुसरा पुरावा चालतच नाही. महापालिकेच्या जन्मदाखल्यावर पुष्कळदा मुलाच्या नावाची जागाच कोरी असते, कारण दवाखान्यातून नोंद गेली तेव्हा नाव ठेवलेलं नव्हतं. ते आधी भरून घ्या. मोठ्या माणसाचं नावच वेगळं असेल तर प्रतिज्ञापत्र आणि राज्य राजपत्र, असा रस्ता. एकट्या प्रतिज्ञापत्रावर निभावून जाईल या भरवशावर राहू नका, ते वकिलातीत अडकतं.

लग्नाचा कागद हा दुसरा खड्डा. मंडळीनं दिलेला विवाहाचा दाखला आपल्यासाठी पवित्र असला तरी व्हिसाच्या फाइलीत तेवढ्यावर भागत नाही. सरकारी निबंधकाकडचा दाखला लागतो. ख्रिस्ती विवाह १८७२ च्या कायद्याखाली लागतो आणि त्याची नोंद पाळकांनी सरकारकडे पाठवायची असते. ती गेली होती का, हे आधी मंडळीच्या कार्यालयात बघा. नोंद सापडत नसेल तर महापालिकेतल्या विवाह नोंदणीबद्दल विचारा. वीस वर्षांपूर्वीच्या लग्नाचे साक्षीदार आता पुण्या-मुंबईत असतात आणि त्यांना एका दिवशी सोलापुरात गोळा करण्यातच महिना जातो.

पासपोर्टचं केंद्र टपाल खात्यात इथंच आहे, फाइल मात्र पुण्याच्या प्रादेशिक कार्यालयाकडे जाते. साध्या ३६ पानी पासपोर्टला मोठ्यांसाठी १,५०० रुपये, मुलांसाठी १,०००. मोठ्यांचा दहा वर्षं चालतो, लहान मुलांचा पाचच. सहाव्या वर्षी काढलेला मुलाचा पासपोर्ट दहाव्या वर्षी परमिटला लावला तर हातात एकच वर्ष उरतं आणि परमिटही तेवढंच मिळू शकतं. दोन वर्षांपेक्षा कमी मुदत उरली असेल तर निघण्याआधीच नवा काढा. आडनावाचा रकाना कोरा ठेवू नका. एकेरी नावाच्या पासपोर्टला काही आखाती देश व्हिसा देत नाहीत, आणि स्वस्त तिकीट बऱ्याचदा तिकडूनच असतं. पोलिसांचा चारित्र्य दाखला, म्हणजे पीसीसी, पासपोर्ट खात्याकडूनच मिळतो, ५०० रुपये. तो मात्र घाईनं काढू नका. काही महिन्यांपेक्षा जुना दाखला नाकारतात, त्यामुळं परमिटचा अर्ज भरायच्या सुमारासच काढा.

पदवीचे कागद प्रमाणित करायचे तर आधी राज्याचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचा. मंत्रालय थेट आपल्याकडून कागद घेत नाही, त्यांनी नेमलेल्या एजन्सीमार्फतच जावं लागतं. पुढं अपोस्टिल (बऱ्याच देशांत मान्य असलेला प्रमाणपत्राचा शिक्का) चालेल की वकिलातीचा शिक्का लागेल, हे त्या-त्या देशावर अवलंबून, म्हणून एजंटाला न विचारता तिथल्या संस्थेला विचारा. सोलापूरकरांसाठी खास सूचना: इथलं विद्यापीठ २००४ चं. त्याआधी इथल्याच कॉलेजात शिकलेल्यांची पदवी शिवाजी विद्यापीठाची, म्हणजे पडताळणीला कोल्हापूर. दहावी-बारावीचं मंडळ पुणे विभागाचं. आणि पाळकांची बीडी, म्हणजे धर्मशास्त्राची पदवी, सेरामपूरच्या सिनेटची असेल तर पत्रव्यवहार थेट पश्चिम बंगालशी. एकाच माणसाच्या तीन कागदांसाठी तीन दिशा, आणि प्रत्येक दिशेला आपापली सुट्टी.

आता परमिट. केनियात धार्मिक आणि धर्मादाय कामासाठीचा वर्क परमिट वेगळा असतो, वर्ग "आय". अर्ज तिथली नोंदणीकृत मंडळी किंवा संस्था करते, कुटुंब नाही. त्यामुळं बोलावणाऱ्या संस्थेची तब्येत आधी तपासा. नोंदणी प्रमाणपत्र आहे का, हिशेब तपासलेले आहेत का, त्यांनी याआधी कुणा परदेशी सेवकाचा परमिट काढलाय का. "या, आम्ही बघून घेऊ" असं पत्र कितीही प्रेमाचं असलं तरी त्यावर परमिट मिळत नाही. २०२३ मध्ये शकाहोलाला एका उपदेशकाच्या सांगण्यावरून शेकडो लोक उपाशी मेले, त्या भयानक प्रकरणानंतर तिथल्या सरकारनं धार्मिक संस्थांच्या नियमांचा फेरविचार करायला समिती नेमली. आता कच्च्या कागदांवर भागायचं नाही. बायको-मुलांसाठी डिपेंडंट पास वेगळा काढावा लागतो, आणि त्यावर बायकोला काम करता येत नाही. ती नर्स किंवा शिक्षिका असेल आणि तिथं तीच सेवा करणार असेल तर तिचा परमिट स्वतंत्र हवा. हे विसरलं जातं, कारण आपल्याकडे पाळकांच्या बायकोचं काम कुणी कामात धरतच नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे ई-टीएवर (प्रवासाच्या ऑनलाइन परवानगीवर), पाहुणे म्हणून जाणं आणि "तिथं गेल्यावर परमिट करू" म्हणणं. पाहुण्याच्या परवानगीवर उपदेश, शिकवणं, दवाखान्यात हात लावणं, सगळं बेकायदेशीर. अर्जात जाण्याचं कारण पर्यटन लिहून सामानात शब्बाथशाळेची शंभर पुस्तकं सापडली तर विमानतळावर उत्तर काय द्यायचं? आणि खोट्यानं सुरू झालेली सेवा पुढं मंडळीला तरी कशी सांगायची?

लसींत पिवळ्या तापाची लस महत्त्वाची, पण तिचं कारण लोक उलटं समजतात. ती जाण्यापेक्षा परत येण्यासाठी जास्त लागते. केनिया पिवळ्या तापाच्या यादीत आहे. तिथून भारतात उतरताना या लसीचं पिवळं कार्ड नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. वडील गेल्याचा फोन आला आणि मुलगा मुंबईच्या विमानतळावरच अडकला, असं त्यातून होतं. लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारमान्य केंद्रातच टोचून घ्यावी लागते. टोचल्यावर दहा दिवसांनी कार्ड लागू होतं आणि ते आयुष्यभर चालतं. कार्डावर पासपोर्ट क्रमांक असतो, म्हणून आधी पासपोर्ट. नऊ महिन्यांखालच्या बाळाला ती देत नाहीत. अंड्याची जोरदार अॅलर्जी असेल, साठी उलटलेली असेल किंवा अंगावर पाजणारी आई असेल तर डॉक्टरांशी बोलूनच. ही जिवंत विषाणूची लस आहे, त्यामुळं मुलाला गोवर-गालगुंडाची एमएमआर द्यायची असेल तर दोन्हींत महिनाभर अंतर सांगतात. ही तारखांची जुळवणी शेवटच्या पंधरवड्यात होत नाही.

मलेरियाचं गावावर ठरतं. नैरोबी सुमारे १,७०० मीटर उंचीवर, तिथं धोका कमी. व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी, किसुमूकडे आणि मोंबासाच्या किनाऱ्याला भरपूर. मलेरिया टाळायची गोळी डॉक्सिसायक्लिन आठ वर्षांखालच्या मुलांना सहसा देत नाहीत, मोठ्यांनाही परतल्यावर चार आठवडे चालू ठेवावी लागते. वर्षानुवर्षं राहणाऱ्यांनी रोजच्या गोळीपेक्षा औषध लावलेल्या मच्छरदाणीवर आणि ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासण्यावर भर द्यावा. दातांची कामं इथंच उरका, चष्म्याचे दोन जोड घ्या. बीपी-शुगरच्या गोळ्यांची चिठ्ठी कंपनीच्या नावानं नको, औषधाच्या मूळ नावानं लिहून घ्या. विमा घेताना विमानानं हलवण्याचा खर्च त्यात आहे का, हे विचारा. नैरोबीत अॅमरेफ या संस्थेची उडती रुग्णसेवा आहे, तिचं वार्षिक सभासदत्वही मिळतं.

पैशाचं पाहू. मंडळीच्या सभेत इथं हमखास गोंधळ होतो. कुणीतरी उठून "एफसीआरए आहे का?" विचारतो. एफसीआरए परदेशातून इकडे येणाऱ्या देणगीसाठी आहे. इथून तिकडे जाणाऱ्या पैशाला फेमा, म्हणजे परकीय चलनाचा कायदा, लागतो. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेत एका व्यक्तीला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, पण ही सोय व्यक्तीला आहे, ट्रस्टला नाही. मंडळीचा ट्रस्ट त्या वाटेनं पैसे पाठवू शकत नाही, आणि धर्मादाय ट्रस्टनं देशाबाहेर खर्च केला तर करसवलतीचा प्रश्न उभा राहतो तो वेगळाच. "मग आपण सगळे त्यांच्या खात्यावरच टाकू" हाही उपाय नाही. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षात ५०,००० रुपयांच्या वर भेट आली की सगळी रक्कम करपात्र होते. कुटुंबाला नोंदणीकृत मिशन संस्थेचं सेवक करून घ्यावं, देणगीदारांनी संस्थेला द्यावं, पावती घ्यावी, संस्थेनं मानधन द्यावं, हे त्यातल्या त्यात सरळ. पहिला रुपया जमा होण्याआधी सीएसोबत एक बैठक घ्या. नंतर घेतलेली बैठक महाग पडते.

वचनं आणि जमा यांत फरक धरा. चाळीस घरांनी महिना ५०० रुपये म्हटलं तर कागदावर २०,००० होतात. निघण्याआधी तीन महिने ती वर्गणी प्रत्यक्ष सुरू करा आणि तिसऱ्या महिन्यात जेवढी आली तेवढीच खरी धरा. मिझोरममध्ये १९१० पासून बायका प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ बाजूला काढतात आणि त्या तांदळावर तिथल्या मंडळ्यांची मिशनसेवा चालते. आपल्याकडे सणाच्या दिवशी हजार देणारे पुष्कळ, दर महिन्याला शंभर देणारे कमी. परदेशातलं घरभाडं मात्र दर महिन्याला द्यावं लागतं. अंदाजपत्रकात भाडं, शाळा, विमा, परमिटचं नूतनीकरण सगळे धरतात. राहतं ते एकच: सगळ्या घराच्या अचानक परतीच्या तिकिटाचे पैसे. ते वेगळ्या खात्यात ठेवा आणि त्याला हात लावू नका.

बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं खातं, करून घ्या. बँकेला न कळवता जुनंच चालवत राहणं नियमात बसत नाही. भारतीय सिम चालू ठेवा, कारण प्रत्येक ओटीपी तिथंच येणार. रिचार्ज विसरलात तर नंबर दुसऱ्याच्या हाती जातो. घर भाड्यानं देणार असाल तर करार नोंदवा आणि भाडेकरूला सांगून ठेवा, की मालक अनिवासी झाला की भाड्यातून टीडीएस कापायची जबाबदारी त्याची. आणि पाण्याचं कोण बघणार? सोलापुरात नळ रोज येत नाही, टाकी भरण्याच्या वेळेवरून भाडेकरू आणि शेजारी यांच्यात जुंपली तर तो फोन नैरोबीत येतो. कुलमुखत्यारपत्र निघण्यापूर्वी इथंच, दुय्यम निबंधकाकडे नोंदवून द्या. तिकडून करून पाठवलं तर ते तिथं प्रमाणित करा, इथं पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक लावा, असा फेरा. ते भावाच्या नावानं करायचं की बहिणीच्या, हे आई-वडिलांसमोर बसून ठरवा. त्यांच्या दवाखान्याच्या कागदावर सही कोण करणार, हेही त्याच बैठकीत.

मुलांच्या शाळेवरून निघायचा महिना ठरतो. केनियातलं शालेय वर्ष जानेवारीत सुरू होतं, आपलं जूनमध्ये. एप्रिलमध्ये परीक्षा संपवून निघालात तर मूल तिकडच्या वर्षाच्या मधोमध जाऊन पडतं. सहामाही परीक्षा आटोपून, नाताळ घरच्यांसोबत करून जानेवारीच्या आरंभी पोचणं उत्तम. इकडचं अर्धं वर्ष बुडतं खरं, पण तिकडे मूल पहिल्या दिवसापासून वर्गात असतं. नववी-दहावीतल्या मुलाला मध्येच उचलू नका, दहावीचा निकाल हातात आला की निघा. मराठी माध्यमातल्या मुलाला इंग्रजीसोबत स्वाहिलीही अभ्यासात असणार, तेव्हा आधीचे सहा महिने रोज अर्धा तास दोन्हींना द्या. आणि मराठी सुटू नये म्हणून बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, ती उतरवून न्या.

स्वाहिली मराठी माणसाला परकी वाटत नाही. गाडीला "गारी", रंगाला "रांगी", औषधाला "दावा", विम्याला "बिमा". फसगत होते ती घड्याळात. तिथं तास उजाडल्यापासून मोजतात. "सा तातू" म्हणजे शब्दशः तीन वाजता, पण प्रत्यक्षात सकाळी नऊ. कुणी स्वाहिलीत वेळ सांगितली की त्यात सहा मिळवा, नाहीतर पहिल्याच प्रार्थनासभेला लोक घरी गेल्यावर पोचाल. फोनसाठी लक्षात ठेवा, केनिया आपल्या अडीच तास मागे. इथं संध्याकाळी सातची उपासना, तर तिथं साडेचार.

सामानात लोक आफ्रिका म्हणजे ऊन समजून सुती कपडे भरतात. नैरोबीत जून ते ऑगस्ट चांगली थंडी असते. विजेचा दाब आपल्यासारखाच, त्यामुळं मिक्सर चालतो, फक्त प्लग तीन चपट्या पायांचा असतो. एक अॅडॉप्टर आणि एक भारतीय एक्स्टेंशन बोर्ड नेलं की काम होतं, पण त्याच बोर्डावर मिक्सर आणि इस्त्री एकदम लावू नका. कुकर न्या, गॅसकेट तीन न्या, शेगडी नेऊ नका, कारण तिथला सिलिंडर आणि रेग्युलेटर वेगळा. भाकरीचा लोखंडी तवा न्या. ज्वारी तिथं "म्तामा" म्हणून मिळते, पीठ मालदांडीसारखं येत नाही, गरम पाण्यात उकड काढल्याशिवाय भाकरी थापताना चिरते. शेंगदाणे नेऊ नका, "करांगा" तिथं गल्लोगल्ली. आपली चटणी मिक्सरमध्ये होत नाही, ती तेल सुटेपर्यंत कुटावी लागते, तेव्हा न्यायचाच तर खलबत्ता न्या. तयार चटणी स्टीलच्या डब्यात भरा, कॅरीबॅगमध्ये नको. एक तर तेल झिरपून कपडे जातात, दुसरं म्हणजे केनियात प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगवर ऑगस्ट २०१७ पासून कडक बंदी आहे. सुकं खोबरं विमानतळावर काढून ठेवतात. बियाणं, कच्चं धान्य, कढीलिंबाचं रोप, असलं काही नको.

वजनाचं गणित घरीच करा. तिकिटावर माणशी २३ किलोच्या दोन बॅगा असतील तर चौघांचे १८४ किलो, वर हातातल्या चार. सिद्धेश्वर एक्स्प्रेसच्या थ्री-टियर एसीत माणशी ४० किलोच फुकट, म्हणजे १६०. उरलेल्याची रेल्वेत लगेज म्हणून आगाऊ नोंद करा, नाहीतर सरळ गाडी करा. रेल्वेनं गेलात तर दादरला भल्या पहाटे आठ बॅगा उतरवायला दोन नातेवाईक आधीच उभे पाहिजेत.

परमिट मंजूर, मग तिकीट, आणि मगच निरोपसभा. तीही शेवटच्या रविवारी नको, त्याच्या दोन रविवार आधी, कारण शेवटचा आठवडा बँक आणि आजारी आत्याच्या भेटीगाठींतच जातो. हस्तार्पण, प्रार्थना, जेवण, सगळं रीतसर होऊ द्या. मंडळीच्या सचिवांना मात्र आधीच्या रविवारी जाहीर करायला सांगा, की सत्काराला चादरी आणू नका. सोलापुरात ही सूचना दिली नाही तर पंधरा चादरी येतात, आणि प्रत्येक देणारा त्या नैरोबीला पोचल्या का ते विचारतो. थंडीसाठी दोन पुरतात. बाकीचं पाकिटात, संस्थेच्या पावतीवर.